विश्वामित्रीच्या पुरामागचा समुद्र

२०२४ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री बडोद्यात शिरली. काळ्या घोड्याच्या पुलाशी धोक्याची खूण २५ फुटांवर आहे. पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. नदीकाठच्या सोसायट्यांचे तळमजले बुडाले, मोटारींची नुसती टपं दिसत होती, आणि पाणी ओसरू लागल्यावर पार्किंगमधून मगरी पकडून नेणाऱ्यांची धावपळ सुरू झाली. शहराला यातलं काहीच अगदी नवं नव्हतं. विश्वामित्री दर काही वर्षांनी घरात येते, आणि आली की मगरींना घेऊनच येते. हवामानशास्त्रज्ञांचे कान मात्र पूर ओसरताना टवकारले गेले.

ज्या डीप डिप्रेशननं, म्हणजे कमी दाबाच्या तीव्र प्रणालीनं, गुजरातला झोडपलं ते पूर्वेकडून, मध्य प्रदेश आणि राजस्थान ओलांडून आलं होतं. अशी डिप्रेशनं जमिनीवर दोन-चार दिवस चालतात, पाऊस पाडतात आणि विरून जातात. हे विरलं नाही. सौराष्ट्र-कच्छवर ते रेंगाळलं, ३० ऑगस्टला समुद्रात उतरलं आणि तिथं त्याचं चक्रीवादळ झालं. पाकिस्ताननं सुचवलेलं ‘आस्ना’ हे नाव त्याला मिळालं. समुद्रात जन्मून जमिनीवर मरायचं, हा वादळांचा नेहमीचा क्रम. इथं तो उलटा झाला. तोही ऑगस्टमध्ये. अरबी समुद्रात ऑगस्ट महिन्यात चक्रीवादळ होण्याची ही १९७६ नंतरची पहिलीच वेळ.

ऑगस्टमध्ये इथं वादळं का होत नाहीत, याचं एक कारण हवेत आहे. मोसमी पावसाचा जोर असताना खालचे वारे पश्चिमेकडून वाहतात आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीवरचे पूर्वेकडून. वादळाचा मनोरा उभा राहायच्या आतच तिरपा होऊन मोडतो. दुसरं कारण पाण्यात आहे, आणि मला ते अधिक मोलाचं वाटतं. उत्तर गोलार्धातले बहुतेक समुद्र ऑगस्ट-सप्टेंबरात सर्वांत ऊबदार असतात. अरबी समुद्राचं तसं नाही. तो मे महिन्यात तापून निघतो, केरळच्या पश्चिमेला तेव्हा पृष्ठभागाचं तापमान ३० अंशांच्या वर जातं, आणि मग उत्तर गोलार्धाच्या ऐन उन्हाळ्यात, जून ते ऑगस्टच्या काळात, तो थंड होत जातो.

हे थंड होणं समजून घेतलं की बडोद्याच्या पावसातला बराच भाग समजतो.

अटलांटिक आणि प्रशांत महासागर उत्तरेला थेट ध्रुवाच्या दिशेनं पसरले आहेत. हिंदी महासागराची वाट मात्र पंचवीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आशियानं अडवली आहे. उन्हाळ्यात ही जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, आणि दक्षिण गोलार्धातून निघालेला वारा विषुववृत्त ओलांडून पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांना घासत अरबी समुद्रावर येतो. दीड किलोमीटर उंचीवरचा हा वेगवान झोत जॉन फिंडलेटर यांनी १९६० च्या दशकात शोधून काढला. वारा असा एका दिशेनं रेटत राहिला की खालचं पाणीही हलतं. सोमालियाच्या किनाऱ्यालगत उन्हाळ्यात उत्तरेकडे जाणारा प्रवाह ताशी १२ किलोमीटरपर्यंत वेग घेतो. जगातल्या सर्वांत वेगवान सागरी प्रवाहांत त्याची गणना होते. हिवाळ्यात वारा फिरला की हाच प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो. वर्षातून दोनदा संपूर्ण दिशा बदलणारे इतके मोठे प्रवाह दुसऱ्या कुठल्या महासागरात नाहीत.

बडोद्यापासून सत्तर किलोमीटरवरच्या भरूचला हे दोन हजार वर्षांपूर्वी चांगलं ठाऊक होतं. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पुस्तिकेत भरूचचं नाव बारिगाझा असं येतं. इजिप्तहून इकडे यायचं तर जुलैच्या सुमारास निघावं, असं ती सांगते. नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटीची ओढ इतकी जबर की तिथं स्थानिक नावाडी पुढे येऊन जहाजं आत ओढून नेत, हेही तीत आहे. वाऱ्याचं वेळापत्रक त्या लोकांनी व्यापाराला जुंपलं होतं. पाण्याच्या पोटात काय चाललं आहे, ते कळायला पुढे बराच काळ जावा लागला.

पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात वाऱ्यानं ढकललेलं वरचं पाणी सरळ वाऱ्यामागे जात नाही, ते वाऱ्याच्या उजव्या हाताला सरकतं. वारा नैऋत्येकडून ईशान्येला वाहतो. त्याचा उजवा हात आग्नेयेकडे. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यापासून वरचं तापलेलं पाणी त्यामुळे दूर सरतं आणि त्याची जागा घ्यायला खोलीवरचं थंड पाणी वर येतं. विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावर, जुलैच्या उन्हात, समुद्र २० अंशांच्या आसपास असतो. खोलातून येणारं पाणी खतासारखी पोषक द्रव्यं घेऊन येतं, म्हणून ओमानचा किनारा मासळीनं समृद्ध. सरकत गेलेलं तापलेलं पाणी हळूहळू विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला जातं. एकच वारा वाफ आपल्याकडे आणतो आणि समुद्रातली उष्णता आपल्यापासून दूर नेतो. मान्सून जोरदार असेल तर उष्णताही अधिक बाहेर जाते, समुद्र अधिक गार पडतो, आणि जोराला आपोआप आळा बसतो. पीटर वेबस्टर यांच्यासारख्या अभ्यासकांना मान्सून वर्षानुवर्षं सरासरीच्या इतका जवळ का राहतो याचं एक कारण इथं दिसलं. देशाच्या एकूण पावसात सरासरीपेक्षा दहा टक्क्यांची घट झाली तरी आपण त्याला दुष्काळ म्हणतो. दहाच टक्के! ही तूट सोसणाऱ्या शेतकऱ्याला त्यातलं आश्चर्य दिसणार नाही, पण एवढ्या प्रचंड यंत्रणेत इतका कमी चढउतार राहतो, हे खरंच नवल आहे.

आता उपसागराकडे. अरबी समुद्र थंड पडत असताना बंगालचा उपसागर मात्र ऑगस्टमध्येही २८ अंशांच्या वर राहतो. दोन्ही एकाच अक्षांशावर, दोहोंवर वारा मोसमीच. मोठा फरक गोड्या पाण्याचा आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी यांचं पाणी आणि वरून पडणारा पाऊस यांमुळे उपसागराच्या पृष्ठभागावर हलक्या, कमी खाऱ्या पाण्याचा थर, दुधावर साय धरावी तसा, पसरून राहतो. खालचं थंड खारं पाणी वाऱ्यानं कितीही ढवळलं तरी ही साय फोडून सहज वर येत नाही. उष्णता वरच राहते, ढग उभे राहतात, कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि वायव्येकडे निघतात. त्यांनी पाडलेलं पाणी नद्यांतून पुन्हा उपसागरात जातं आणि थर कायम राहतो. १९९९ साली ‘बॉबमेक्स’ नावाच्या मोहिमेत भारतीय शास्त्रज्ञांनी उपसागरात जहाजं नेऊन समुद्र आणि ढग यांचा हा व्यवहार जवळून मोजला.

बडोदं या दोन समुद्रांच्या हिशेबाच्या मधोमध बसलं आहे. खंभातचं आखात इथून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, तरी शहर बुडवणारा पाऊस बहुतेक वेळा पूर्वेकडून आलेल्या प्रणालीमुळे पडतो. ती गुजरातजवळ पोहोचली की अरबी समुद्रावरची वाफ आपल्याकडे खेचून घेते. पावागडच्या डोंगराकडून निघणारी विश्वामित्री तशी छोटीच नदी. वरच्या भागात एक-दोन दिवस धो धो पाऊस झाला आणि आजवा तलाव भरून वाहू लागला की तिला पात्र पुरत नाही. २०२४ मध्ये हेच झालं, फरक एवढाच की पुढे त्या प्रणालीला अरबी समुद्रही मिळाला. किनाऱ्यालगतचं पाणी वादळ पोसण्याइतकं ऊबदार होतं. पश्चिमेला सरकल्यावर कोरडी हवा आणि थंड पाणी लागलं, आणि आस्ना ओमानच्या अलीकडेच विरलं.

दोन समुद्र आतूनही जोडलेले आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० आणि ९० च्या दशकांत आपल्या किनारी प्रवाहांचा माग काढला, तेव्हा एक गंमत दिसली. हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावरून प्रवाह उत्तरेकडे वाहतो, म्हणजे वाऱ्याच्या उलट. त्याला ढकलणारा जोर कोकणात नसतोच. उपसागरावरच्या वाऱ्यानं उठवलेले लांबलचक तरंग पूर्व किनाऱ्यानं खाली येतात, श्रीलंकेला वळसा घालतात आणि पश्चिम किनाऱ्यानं वर चढतात. पाण्याची पातळी त्यांच्यामुळे काही सेंटिमीटरच हलते, पण उपसागराचं कमी खारं पाणी या ओघात अरबी समुद्रात येतं. मे महिन्यात केरळच्या पश्चिमेला पाणी इतकं का तापतं, याच्या उत्तरात या पाहुण्या थराचाही वाटा आहे.

हे झालं दरवर्षीचं. काही वर्षं मात्र अंगावर येतात, आणि बडोद्याच्या इतिहासात असं वर्ष म्हणजे विक्रम संवत १९५६, इसवी सन १८९९. गुजरातीत तो ‘छप्पनियो’, मराठी घरांत छपन्नचा दुष्काळ. सयाजीराव गायकवाडांनी काही वर्षांपूर्वीच आजव्याचा तलाव बांधून शहराला नळाचं पाणी दिलं होतं. खेड्यांची भिस्त मात्र विहिरी आणि तळ्यांवरच होती. दुष्काळ, त्यामागून आलेले रोग आणि गाव सोडून जाणारी माणसं यांनी संस्थान किती पोखरलं, ते जनगणनेत दिसतं. १८९१ साली बडोदे संस्थानाची लोकसंख्या २४ लाख १५ हजार होती. १९०१ साली ती साडेएकोणीस लाखांवर आली. दहा वर्षांत पाच माणसांतलं जवळजवळ एक कमी.

१८९९ चा सरकारी अंदाज चांगल्या पावसाचा होता. वेधशाळांचे प्रमुख जॉन इलियट यांनी हिमालयातला बर्फ, हिंदी महासागरावरचे वारे अशा खुणा जमवून तो दिला होता. अंदाज साफ चुकला, टीका झाली, आणि १९०४ मध्ये इलियट यांच्या जागी जे आले ते हवामानाचे माणूसच नव्हते. गिल्बर्ट वॉकर केंब्रिजचे गणिती. बूमरँग फेकण्याचं शास्त्र हा त्यांचा आवडीचा विषय. त्यांनी जगभरच्या ठाण्यांचे हवेचा दाब, पाऊस, तापमान यांचे आकडे मागवले आणि भारतीय कारकुनांकडून हातानं गणितं करवून घेत एकेका ठिकाणचा दुसऱ्याशी संबंध तपासला. त्यातून एक झोका सापडला: प्रशांताच्या पूर्व बाजूला दाब वाढला की ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाच्या बाजूला तो उतरतो, आणि उलटही. भारतातल्या पावसाचा या झोक्याशी संबंध होता. १९२० च्या दशकात त्यांनी तो ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हणून मांडला. इतकी दूरची हवा आपसात कशी बोलते, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही, कारण उत्तर हवेत नव्हतंच. ते १९६९ मध्ये याकोब ब्येर्कनेस यांनी समुद्रात दाखवलं.

प्रशांतात व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि तापलेलं पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटून ठेवतात. तिथली पातळी पेरूच्या बाजूपेक्षा जवळजवळ अर्धा मीटर उंच असते. पेरूशी खालचं थंड पाणी वर येत राहतं. काही वर्षांनी हे वारे ढिले पडतात, साचलेल्या उष्ण पाण्याचा लोंढा खोलवरच्या तरंगाच्या रूपानं पूर्वेकडे निघतो आणि दोन-अडीच महिन्यांत दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला टेकतो. हाच अल निनो. उष्ण पाण्याबरोबर ढगांचं बस्तानही मधल्या प्रशांताकडे सरकतं, आणि तिथं वर चढलेली हवा आपल्या बाजूला खाली उतरते. उतरत्या हवेत ढग धरत नाहीत. १८७७, १८९९, १९७२, १९८७ ही सगळी अल निनोची वर्षं, आणि सगळी दुष्काळाची.

हवेला फार काळ काही लक्षात राहत नाही. आजच्या वाऱ्यावरून दोन आठवड्यांपलीकडचा वारा सांगता येत नाही, याला गणिती कारणं आहेत. समुद्र विसरत नाही. समुद्राच्या वरच्या अडीच-तीन मीटर पाण्यात संपूर्ण वातावरणाइतकी उष्णता मावते, आणि तळाचं पाणी वर यायला महिने, वर्षं, कधी शतकं लागतात. एप्रिलमध्ये पावसाळ्याचा अंदाज देता येतो तो या आठवणीच्या भरवशावर.

पण अल निनो म्हणजे दुष्काळ असं समीकरण मांडून बसलो तर १९९७ साल ते मोडतं. विसाव्या शतकातला अत्यंत प्रबळ अल निनो त्या वर्षी होता, आणि भारतात पाऊस सरासरीएवढा, किंचित जास्तच झाला. पाच वर्षांनी, २००२ मध्ये, अल निनो बेताचाच, तर जुलै महिना जवळजवळ निम्मा कोरडा गेला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर थांबला. त्याआधी १९८८ पासून डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं सोळा घटकांचं गणित पावसाच्या अंदाजासाठी वापरात होतं. चौदा वर्षं त्यानं ठीक साथ दिली, पण २००२ नं ते पाडलं. गोवारीकरांची यावरून थट्टा करणारे लोक मला कधी पटले नाहीत. सोळा घटकांत जे नव्हतं ते तेव्हा जगालाही नुकतंच कळू लागलं होतं.

ते होतं आपल्याच महासागरात. १९९९ साली एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी, तोशिओ यामागाता आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये हिंदी महासागराच्या डायपोलविषयी लिहिलं. काही वर्षी सुमात्राच्या बाजूला थंड पाणी वर येतं आणि आफ्रिकेची बाजू तापते. काही वर्षी याच्या उलट. पहिल्या प्रकारात ढग पश्चिमेला जमतात आणि भारताला बहुधा फायदा होतो. १९९४ आणि १९९७ अशी वर्षं होती. १९९७ मध्ये इंडोनेशियाची जंगलं जळत होती आणि पूर्व आफ्रिकेत महापूर आले होते.

याच प्रश्नावर सुलोचना गाडगीळ वेगळ्या बाजूनं पोहोचल्या. मूळच्या पुण्याच्या, १९४४ च्या जन्माच्या. हार्वर्डमध्ये त्यांनी डॉक्टरेट केली ती अटलांटिकातल्या गल्फ स्ट्रीम प्रवाहाच्या नागमोडी वळणांवर. भारतात परतून त्या मान्सूनकडे वळल्या आणि पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी हा विषय उभा केला. १९८४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की समुद्राचं तापमान साधारण २८ अंशांच्या आत असेल तर मोठे ढग धरत नाहीत. त्यावर गेलं तर ढग धरू शकतात, पण धरतीलच असं नाही. या दुसऱ्या अर्ध्या वाक्यातलं तारतम्य अनेक जण विसरतात. पुढे त्यांनी तापमानापेक्षा ढगांवर नजर ठेवली: विषुववृत्तीय हिंदी महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांत ढगांची आलटापालट होते, आणि ती अल निनोच्या जोडीला धरली की २००२ चा दुष्काळ आणि १९९७ चा निभाव दोन्ही उलगडतात. गाडगीळांचं २०२५ मध्ये निधन झालं. मान्सूनला त्यांनी नेहमी शेतकऱ्याच्या पेरणीच्या तारखेपर्यंत आणून सोडलं, आणि शास्त्रज्ञांत ही सवय दुर्मीळच.

डायपोलचं सर्वांत ठळक अलीकडचं साल २०१९. त्या वर्षी जून देशभर एक तृतीयांशानं कोरडा गेला, सप्टेंबरमध्ये सरासरीच्या दीडपट पाऊस झाला, आणि मान्सून परतू लागायला ९ ऑक्टोबर उजाडला. नोंदींमध्ये इतका उशीर पूर्वी झाला नव्हता. बडोद्याला ते साल आठवतं ते ३१ जुलैसाठी. एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर, म्हणजे वर्षाच्या सरासरीच्या निम्म्याच्या घरात पाऊस कोसळला आणि रस्त्यांवर मगरी आल्या. मोह होतो की हा पाऊसही डायपोलच्या खात्यावर टाकावा. टाकू नये. डायपोल हंगामाचा कल बदलतो. एखाद्या शहरावर एका दिवशी फुटलेला ढग ही त्या दिवसाच्या हवेची करामत असते.

समुद्राची याहून लांबची आठवण अटलांटिकात आहे. ग्रीनलंडच्या आसपास थंड, खारं पाणी जड होऊन खोल बुडतं आणि तळानं दक्षिणेला निघतं. त्याची भरपाई करायला वरचं ऊबदार पाणी उत्तरेला जातं. २००४ पासून साडेसव्वीस अंश उत्तरेला यंत्रं बसवून हा ओघ मोजला जातो. सेकंदाला सरासरी १ कोटी ७० लाख घनमीटरच्या आसपास भरतो. त्याचा भरूच-बडोद्याशी काय संबंध? अरबी समुद्राच्या तळाच्या चिखलात उत्तर मिळतं. ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडीस’ नावाचा वाळूच्या कणाएवढा, चुन्याच्या कवचाचा एक जीव आहे. ओमानशी थंड, पोषक पाणी वर आलं की तो फोफावतो. मरतो तेव्हा कवच तळाला बसतं. म्हणजे ज्या थरात कवचं जास्त, त्या काळात मोसमी वारा जोरकस. आयआयटी खरगपूरचे अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असे थर मोजून दाखवलं की गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांत उत्तर अटलांटिक जेव्हा जेव्हा गार पडला, तेव्हा तेव्हा आपला मान्सून दुबळा झाला. या शतकात अटलांटिकातला ओघ मंदावेल, याबद्दल शास्त्रज्ञांना जवळजवळ खात्री आहे. तो २१०० च्या आत एकदम थांबेल असं मात्र आयपीसीसीच्या सहाव्या अहवालाला वाटत नाही.

माणसानं वातावरणात कोंडलेल्या जादा उष्णतेतला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्रानं पोटात घेतला आहे. हे कळलं कसं, तर ‘अर्गो’ तरंगकांमुळे. माणसाच्या उंचीची, वीस-पंचवीस किलोंची ही नळकांडी. एकेक नळकांडं हजार मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहतं. दर दहा दिवसांनी ते दोन हजार मीटरपर्यंत खाली जातं, वर येताना तापमान आणि खारेपणा टिपत येतं, पृष्ठभागावर डोकं काढून उपग्रहाला आकडे देतं आणि पुन्हा बुडतं. जगाच्या समुद्रांत अशी सुमारे चार हजार आहेत. भारताच्या वाट्याचं काम हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था पाहते. वॉकरच्या कारकुनांना अख्ख्या आयुष्यात मिळाले नसते एवढे आकडे आता एका आठवड्यात जमतात.

त्यांतून दिसलेली एक गोष्ट आपल्याशी थेट जुळते. प्रशांत आणि हिंदी महासागर यांच्यामध्ये इंडोनेशियाच्या बेटांतून एक वाट आहे. तिच्यातून सेकंदाला सुमारे दीड कोटी घनमीटर पाणी आपल्या बाजूला येतं. अॅमेझॉनसारख्या सत्तर-पंचाहत्तर नद्या एकत्र केल्यावर होईल एवढं. या शतकाच्या पहिल्या दशकात जगाच्या पृष्ठभागाचं तापमान वाढण्याचा वेग मंदावला होता, आणि ‘तापमानवाढ थांबली’ असा गलका काहींनी केला. ती थांबली नव्हती. प्रशांतातले वारे जोर धरून उष्णता खाली दाबत होते, आणि त्यातला मोठा वाटा या वाटेनं हिंदी महासागरात उतरला.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये भारताच्या हवामानबदलाचा आढावा सिद्ध केला. त्यानुसार १९५१ ते २०१५ दरम्यान उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग सरासरी एका अंशानं तापला. त्याच काळात देशाचा मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. तापलेल्या समुद्रातून जास्त वाफ, मग पाऊस कमी का? जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक हे मान्सूनचं इंजिन. समुद्र, विशेषतः त्याचा पश्चिम भाग, जलद तापला तर तो फरक बोथट होतो. त्यात उत्तर भारतावरचा धुरकट थर जमिनीवरचं ऊन अडवतो. वाफ मात्र खरोखर वाढते, हवा एका अंशानं तापली तर साधारण सात टक्के जास्त. म्हणून एकूण पाऊस कमी आणि मुसळधार जास्त, हे दोन्ही एकदम घडू शकतं. त्याच संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांना २०१७ मध्ये आढळलं की १९५० पासून मध्य भारतात विस्तृत भागावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या आहेत, आणि त्यांना लागणारी वाफ अरबी समुद्रावरच्या वाऱ्यांच्या उसळीतून येते. २०२१ चं तौक्ते आणि २०२३ चं बिपरजॉय ही गुजरातच्या किनाऱ्याला धडकलेली वादळंही याच तापलेल्या समुद्रावर पोसली.

हे सगळं खरं, आणि तरी २०२४ च्या पुराचा दोष समुद्रावर ढकलणं मला लबाडीचं वाटतं. विश्वामित्रीच्या काठच्या कोतरांत भराव टाकून इमारती उभ्या राहिल्या, पुराचं पाणी पसरून राहायची जागा गेली. यात प्रशांताचा किंवा सोमालियाच्या प्रवाहाचा काहीच हात नाही. २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी नदीतला गाळ काढून पात्र रुंद करण्याचं मोठं काम झालं, म्हणजे रोग कुठं आहे हे शहराला कळलं असावं.

समुद्राचा खरा उपयोग आजव्यावर आहे. पिण्यासाठी तलाव भरलेला हवा, पुरासाठी रिकामा हवा, आणि हे दोन्ही एकाच ऑगस्टमध्ये. भरून ठेवला आणि सप्टेंबर २०१९ सारखा निघाला, तर पाणी विश्वामित्रीतच जाणार. रिकामा ठेवला आणि पावसानं हंगाम अर्ध्यात सोडला, तर पुढच्या मे महिन्यात टँकर. ऐन मुसळधारीचा इशारा रडार आणि रोजची मॉडेलं दोन-तीन दिवस आधी देतात, समुद्र तो देऊ शकत नाही. पण उरलेला हंगाम ओला जाईल की कोरडा, याचा कल समुद्र सांगतो. हवामान खातं जुलैच्या अखेरीस ऑगस्ट-सप्टेंबरचा वेगळा अंदाज काढतं, त्यात प्रशांताचं तापमान आणि डायपोलची स्थिती दोन्ही असतात. आजव्याची ऑगस्टची पातळी ठरवणाऱ्या बैठकीत तो कागद टेबलावर असायला काहीच हरकत नाही. एरवी तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एका परिच्छेदात संपतो.